मुलींचा शिक्षणहक्क व तरुण कार्यकर्ते

मुलीला शाळेत प्रवेश मिळावा, विवाहामुळे वा दारिद्र्यामुळे तिचे शिक्षण मध्येच तुटू नये आणि शिकावे की न शिकावे याबाबत तिचा स्वतःचा शब्द मानला जावा, या मागण्यांचा समावेश मुलींच्या शिक्षणहक्कात होतो. महाराष्ट्रात या मागण्या पुढे रेटणाऱ्यांत विशी-पंचविशीतील तरुणांचा आणि पुष्कळदा शाळेच्याच वयातील मुलींचा वाटा मोठा आहे. सुधारकांची चित्रे बहुधा त्यांच्या प्रौढ वयातील छायाचित्रांवरून काढली जात असल्याने कार्यारंभीचे त्यांचे वय सहसा ध्यानात येत नाही. प्रस्तुत नोंदीत मराठवाड्यातील, विशेषतः लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि त्यास लागून असलेल्या नांदेड जिल्ह्याच्या पट्ट्यातील परिस्थितीचा मुख्यत्वे विचार केला आहे. तथापि या भागात उशिरा पोहोचलेल्या विचाराचा उगम पुणे-मुंबईकडील असल्याने प्रथम त्याचा परामर्श घेणे आवश्यक आहे.

आरंभ : जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. तेथे शिकविणाऱ्या सावित्रीबाई (१८३१–९७) अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. वडिलांचे घर सोडावे लागूनही या दांपत्याने शाळा वाढविल्या. नोव्हेंबर १८५२ मध्ये सरकारतर्फे विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार झाला, तेव्हाही त्यांनी तिशी गाठली नव्हती. त्याच सुमारास मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व तरुण अध्यापकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली (१८४८) आणि पुढील वर्षी मराठी व गुजराती भाषक मुलींसाठी वर्ग सुरू केले. सभासद स्वतःचे अध्ययन-अध्यापन सांभाळून सकाळी विनावेतन शिकवीत आणि घरोघर जाऊन पालकांची मनधरणी करीत. दादाभाई नवरोजी हे त्यांपैकी एक होत. नाना शंकरशेट यांनी शाळेसाठी जागा दिली व भाऊ दाजी लाड यांनी संस्थेला मोठा आधार दिला. पुढील काळातील विद्यार्थी-चळवळींचा इतिहास लिहिताना या सकाळच्या वर्गांचा फारसा उल्लेख होत नाही. वास्तविक विद्यार्थ्यांनी संघटितपणे हाती घेतलेले महाराष्ट्रातील हे पहिल्या काही सार्वजनिक कार्यांपैकी एक होय.

हे सर्व प्रयत्न मुलींसाठी होते. मुलींनी स्वतः बोलण्यास आरंभ केला तो १८५५ मध्ये. फुले यांच्या शाळेत सुमारे तीन वर्षे शिकलेल्या मांग समाजातील मुक्ता या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध त्या वर्षी ज्ञानोदय या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वेद वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने त्यात केला असून ज्ञान हेच दारिद्र्य व अपमान यांवरील औषध असल्याचे आपल्या समाजाला बजावले आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष दिली, ती वयाच्या चोविसाव्या वर्षी. मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री-वैद्य तयार केले पाहिजेत, असे त्यांनी आयोगास सांगितले. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांनी वैद्यकाच्या अभ्यासासाठी अमेरिकेला जाण्यामागील आपली भूमिका २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर सभेत मांडली. त्यांच्या शिक्षणामागे पती गोपाळराव यांचा आग्रह, प्रसंगी जुलूमही, होता हे खरे. सभेतील युक्तिवाद मात्र त्यांचा स्वतःचा होता.

या सर्वांहून वेगळे व आजच्या प्रश्नाशी अधिक निगडित उदाहरण रखमाबाईंचे (१८६४–१९५५) होय. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि शाळा सुटली. मात्र त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या आणि स्वतः वाचन करीत शिकल्या. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये त्यांच्यावर नांदण्यास येण्याचा दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदावयास जाण्याचा अथवा सहा महिने कारावास भोगण्याचा आदेश दिला, तेव्हा रखमाबाईंनी कारावास पतकरण्याची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले. दरम्यान ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडिया या दैनिकास लिहिलेल्या पत्रांत त्यांनी बालविवाहाने मुलीच्या शिक्षणाची कशी हानी होते, हे स्वानुभवाने मांडले. पुढे त्या लंडन येथे वैद्यक शिकून आल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. लग्न आणि शाळा यांतील संघर्षात कायद्यापुढे उभे राहून शाळेची बाजू घेणारी मुलगी महाराष्ट्राने प्रथम या खटल्यात पाहिली. या खटल्याने उठलेल्या वादाचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या पार्श्वभूमीत समावेश केला जातो.

हैदराबाद संस्थान : उदगीर या घडामोडींच्या कक्षेबाहेर होते. हा तालुका त्या काळी हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्यात होता. १७६० च्या लढाईमुळे नाव परिचित असलेला हा किल्ल्याचा गाव मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू अशा चार भाषांच्या सीमेवर आहे. संस्थानच्या राजधानीत मुलींच्या शिक्षणाची सोय नव्हती असे नाही. नामपल्ली येथील मुलींची शाळा १८९० मधील असून १९२४ पासून उस्मानिया विद्यापीठाच्या आधिपत्याखाली स्त्रियांसाठी महाविद्यालयीन वर्गही निघाले. परंतु राजधानी व मराठवाड्यातील खेडे यांमधील अंतर केवळ मैलांचे नव्हते. प्राथमिक अवस्थेनंतरचे शिक्षण मुख्यत्वे उर्दूतून मिळे आणि खाजगी शाळा काढण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे. मराठी घरातील मुलगा नोकरीच्या आशेने उर्दू शिकत असे. मुलीला ती आशाही नव्हती. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणात मुलींचाही समावेश केला होता, ही गोष्ट तुलनेसाठी लक्षात घेण्यासारखी आहे. हैदराबादमध्ये तशी सक्ती झाली नाही. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक (सारडा) कायदाही ब्रिटिश हिंदुस्थानपुरताच होता. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील एकूण साक्षरता दहा टक्क्यांच्या आत भरली. स्त्रियांची स्थिती याहून वाईट होती.

अशा परिस्थितीत शिक्षणप्रसाराचे काम राष्ट्रीय शाळांनी केले. हिप्परगा (१९२१) व अंबेजोगाई येथील शाळांतून स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे तरुण सहकारी तयार झाले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. उदगीर येथे आर्य समाजाचे काम भाई बन्सीलाल व भाई श्यामलाल या वकील बंधूंनी उभे केले. श्यामलाल यांचे १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ उदगीरात शिक्षणसंस्था निघाली. आर्य समाजाच्या शिकवणुकीत मुलींचा अध्ययनाचा अधिकार तत्त्वतः मान्य असल्याने या परिसरातील काही घरांत मुलीला अक्षरओळख करून देणे निषिद्ध राहिले नाही. मात्र १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत वसतिगृहे व महाविद्यालये सोडणारे विद्यार्थी जवळजवळ सर्व मुलगे होते. याचे कारण उघड आहे. सोडण्यासाठी आधी महाविद्यालयात असावे लागते.

संस्थान विलीनीकरणानंतर : सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर शाळांचे माध्यम मराठी झाले आणि मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या संस्था झपाट्याने निघाल्या. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय व नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मधील आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदरमधून काढून उस्मानाबाद जिल्ह्यास जोडण्यात आले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते त्यात गेले. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ मध्ये, लातूरच्या दयानंद महाविद्यालयाची १९६१ मध्ये व उदगीरच्या महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाची १९६२ मध्ये झाली. मुलींच्या दृष्टीने या शेवटच्या घटनेचे महत्त्व केवळ एका संस्थेच्या वाढीपुरते नाही. तोवर उदगीरच्या मुलीला पदवीसाठी लातूर, नांदेड, औरंगाबाद वा हैदराबाद येथे राहावे लागे. मुलाला नातेवाइकाकडे अगर खोली घेऊन ठेवता येई. मुलीच्या बाबतीत तो विषय बहुधा निघतच नसे. महाविद्यालय गावात आल्यावर तो प्रथमच निघू लागला. १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व लातूर-नांदेडची महाविद्यालये त्यास जोडली गेली.

शहरातील या प्रगतीचा लाभ खेड्यातील मुलीला आपोआप मिळाला नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून महाविद्यालयीन युवक-युवती खेड्यांत जाऊ लागले. १९८८ मधील राष्ट्रीय साक्षरता अभियानानंतर अनेक जिल्ह्यांत विद्यार्थी स्वयंसेवक रात्रीच्या वर्गांना शिकवू लागले. स्त्रीमुक्ती संघटनेच्या मुलगी झाली हो (१९८३) या नाटकाने मुलीच्या जन्माचे, शिक्षणाचे व लग्नाचे प्रश्न गावोगाव नेले. याच काळात राज्य शासनाने मुलींच्या शालेय शुल्कात सवलती दिल्या. मात्र मुलीचे शिक्षण शुल्कामुळेच अडते ही समजूत अपुरी ठरली.

चौदा ते अठरा : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०१०) वय वर्षे सहा ते चौदा या गटास लागू आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ प्रमाणे मुलीच्या विवाहाचे किमान वय अठरा आहे. १९२९ मध्ये ते चौदा होते, १९४९ मध्ये पंधरा व १९७८ मध्ये अठरा झाले. म्हणजे चौदा पूर्ण झाल्यावर शिक्षणाचा कायदेशीर हक्क संपतो आणि विवाहास मनाई मात्र आणखी चार वर्षे राहते. या चार वर्षांत मुलगी शाळेत असावी असे कोणताही कायदा सांगत नाही. ती घरी असेल तर तिच्यासाठी स्थळे येऊ लागतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांपूर्वी झाले होते. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे ४८ टक्के व बीडमध्ये सुमारे ४४ टक्के होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) अठराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सार्वत्रिक करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्दिष्ट व हक्क यांतील फरक नववीत शाळा सोडणाऱ्या मुलीस चांगला कळतो.

शाळा सुटण्याची प्रक्रिया बहुतेक ठिकाणी सारखीच असते. गावातील जिल्हा परिषदेची शाळा चौथी अथवा सातवीपर्यंत असते आणि पुढचा वर्ग दुसऱ्या गावी भरतो. मुलगी वयात येते त्याच वर्षी हे अंतर सुरू होते. वाटेवरील छेडछाडीची एखादी गोष्ट कानी आली, शाळेत स्वच्छतागृह नसले, अगर धाकट्या भावंडास सांभाळण्यास घरी कोणी नसले, की आई-वडील तिला ‘काही दिवस’ घरी ठेवतात. नाव एकदम काढले जात नाही. ते हजेरीपटावर काही काळ राहते. त्यामुळे गळतीचा आकडा प्रत्यक्ष गळतीच्या मागे असतो.

उदगीर-जळकोट, मुखेड व कंधार या बालाघाटाच्या डोंगराळ भागात याला ऊसतोडीची जोड मिळते. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’वर, आणि पती-पत्नी मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या मुलाला अर्धा कोयता समजतात. साहजिकच मुलाचे लग्न उरकून घेण्याकडे घरच्यांचा कल असतो. दुसऱ्या बाजूला, आई-वडील सहा महिने बाहेर असताना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी, हा प्रश्नही तिच्या लग्नानेच सोडविला जातो. बालविवाह म्हणजे अज्ञानातून टिकलेली रूढी, असे जे सरसकट सांगितले जाते ते येथे अर्धवट ठरते. रोजगाराच्या पद्धतीतच त्याचे कारण दडलेले आहे. साखर कारखान्यांवरील साखरशाळा आणि स्थलांतरितांच्या मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे हे यावरील उपाय होत. ज्या वर्षी वसतिगृह वेळेवर सुरू होते त्या वर्षी मुले गावात राहतात, उशीर झाला तर ती फडावर गेलेली असतात. नांदेड जिल्ह्यासह राज्याच्या मागास तालुक्यांत केंद्राच्या योजनेतून (२००४) कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये ही निवासी विद्यालयेही काढण्यात आली.

अंतराच्या प्रश्नावर राज्य परिवहनाच्या गाडीने जे साधले ते फार थोड्या योजनांनी साधले असेल. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण विद्यार्थिनींना मोफत प्रवास मिळू लागला. सवलत आरंभी दहावीपर्यंत होती, नंतर ती बारावीपर्यंत वाढविण्यात आली. मानव विकास कार्यक्रमातून २०११ नंतर मागास तालुक्यांत मुलींसाठी स्वतंत्र गाड्या व सायकली देण्यात आल्या. पासाचे मोल काय असते हे २०१५ च्या दुष्काळात साऱ्या राज्याला कळले. लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने, पासासाठी तीनशे रुपयांहूनही कमी असलेली रक्कम घरात नसल्याने जीवन संपविले. त्यानंतर दुष्काळग्रस्त भागातील विद्यार्थ्यांना पासात सवलत जाहीर झाली.

आजचे कार्य : या परिस्थितीत काम करणारे आजचे कार्यकर्ते फुले वा रखमाबाईंप्रमाणे नावाने ओळखले जात नाहीत, आणि अल्पवयीन मुलींच्या बाबतीत तसे नाव प्रसिद्ध होणे इष्टही नाही. शाळांतील मीना राजू मंच, गावातील किशोरी गट, बालसंसद आणि महाविद्यालयीन स्वयंसेवक हे त्यांचे गट होत. मंचाला ज्या मीनाचे नाव आहे ती युनिसेफने दक्षिण आशियासाठी निर्मिलेल्या चित्रमालिकेतील, शाळेचा हट्ट धरणारी मुलगी आहे. या गटांचे काम दिसावयास किरकोळ असते. चार दिवस न आलेल्या मुलीच्या घरी तिच्या मैत्रिणी जातात व कारण विचारतात. सुपारी फुटल्याची बातमी शिक्षकांच्या आधी वर्गातील मुलींना कळते. त्यामुळे विवाह थांबविण्याची पहिली संधी त्यांच्याच हाती असते. बालकांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचे काम ग्रामसेवकाकडे सोपविण्यात आले. ग्रामसेवक त्याच गावात वावरत असल्याने तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त राहील याची खात्री मुलींना वाटत नाही, ही या व्यवस्थेतील मोठी उणीव मानावी लागेल. थांबविलेला विवाह काही दिवसांनी दुसऱ्या गावी, सीमेपलीकडे बीदर अथवा तेलंगणाच्या बाजूस, उरकला जाण्याची भीतीही या सीमावर्ती तालुक्यांत असते. म्हणून अनुभवी कार्यकर्ते विवाह थांबल्यावर काम संपले असे मानीत नाहीत. मुलगी पुढच्या सोमवारी वर्गात आली की नाही, हे ते पाहतात.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. घरात एकच भ्रमणध्वनी असेल तर तो प्रथम मुलाच्या हाती जाई. थोड्या माणसांत व थोड्या खर्चात लग्न उरकण्याची मुभाही त्या काळाने दिली. शाळा पुन्हा भरल्या, तेव्हा वरच्या वर्गांतील काही बाके रिकामी होती.

मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या पाकिस्तानातील मलाला युसूफझाई हिच्यावर ९ ऑक्टोबर २०१२ रोजी स्वात खोऱ्यात गोळीबार झाला. पहिला आंतरराष्ट्रीय बालिका दिन त्यानंतर दोनच दिवसांनी साजरा झाला. २०१४ चे नोबेल शांतता पारितोषिक तिला भारताचे कैलाश सत्यार्थी यांच्यासह मिळाले, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मराठवाड्यातील शाळांतून या घटनेची माहिती मुलींना दिली जाते, ते योग्यच आहे. मात्र तेथील मुलीपुढे बंदूकधारी शत्रू नसतो. तिला नकार द्यावयाचा असतो तो आपल्या आईला, वडिलांना किंवा मामाला, आणि नकार दिल्यावरही त्याच घरात राहावयाचे असते. १८८५ मध्ये रखमाबाईंना घरचा आधार होता. या मुलींपैकी अनेकींना तो नसतो.

२००६ च्या कायद्यातील एक तरतूद या दृष्टीने महत्त्वाची आहे. अल्पवयात विवाह झालेल्या मुलीस सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तो न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो. रखमाबाईंना जे हवे होते ते अशा रीतीने कायद्यात आले. तिची माहिती असलेल्या मुली थोड्या आणि वापर करणाऱ्या त्याहून थोड्या आहेत. मुलींच्या विवाहाचे वय एकवीस करण्याचे विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०२४ मध्ये सभागृह विसर्जित झाल्यावर ते व्यपगत झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. या सवलतीचा उपयोग शालेय टप्पा पार करून व्यावसायिक अभ्यासक्रमापर्यंत पोहोचलेल्या मुलींना होतो. नववी-दहावीत शाळा सुटलेल्या मुलीपर्यंत ती पोहोचत नाही.